चार वाव पाणी आणि चार वाटे

रामेश्वराकडून परत आलेला माणूस घरोघर तीर्थ आणि शंख वाटत फिरतो. मी तिकडून राग घेऊन आले, आणि तो अजून उतरलेला नाही. डोंबिवलीच्या आमच्या आळीत मला अजून विचारतात, "काय मालतीबाई, दर्शन कसं झालं?" दर्शन झालं नाही. रामेश्वराच्या अलीकडे समुद्रात पोवळ्यांची बेटं आहेत, तिथले मासे बघायला मी गेले होते. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मासे? मग ठाण्याच्या बाजारात काय कमी होते?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन माझा घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते. ज्यांना माझी चिडचिड नको असेल त्यांनी पोवळ्यांचं वर्णन तेवढं वाचावं. तेही आहे.

कल्याण

माझं माहेर ठाण्याचं. सोमवार आणि गुरुवार सोडले तर आमच्याकडे रोज मासे, आणि ते आणायला वडील मला लहानपणापासून बंदरावर नेत. ओहोटीला खाडीकडे बघत उभी राहिले की मला एक गोष्ट नेहमी दिसायची. उघड्या चिखलावर निवट्या उड्या मारत असत. काठाच्या पाण्यात बोयटांची पोरं. मधल्या धारेत जिताडा, आणि तळाच्या गाळात शिंगाळ्या. खाडी एकच, पण चाळीसारखे मजले पाडलेले, आणि ज्यानं त्यानं आपापल्या मजल्यावर राहायचं. कोण कुठं राहतो आणि का, हे विचारलं की वडील म्हणायचे, "कालवण गार होतंय, चल."

पुढं प्राणिशास्त्र शिकले, लग्न होऊन डोंबिवलीला आले, कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झाले, म्हणजे मुलांना बेडूक कापून दाखवू लागले. प्रश्न मात्र डोक्यात तसाच राहिला. एम. एस्सी.च्या प्रबंधासाठी मी तोच घेतला. पण ठाण्याच्या खाडीचं पाणी इतकं गढूळ की हात घातला तर मनगट दिसत नाही. तळ दिसायला हवा असेल तर पोवळ्यांच्या समुद्रावर जायला हवं होतं. गुडघाभर पाण्यात कोण राहतं, एक वावावर कोण, दोन वावांवर, चार वावांवर कोण? वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. आमच्याकडचे कोळी पाणी असंच मोजतात. आणि दुसरा प्रश्न असा की खाली राहणारा मोठा मासा लहानपणी वर राहतो का? वय वाढतं तसा एकेक मजला उतरत जातो का? एवढंच मला शोधायचं होतं, आणि माझा सगळा प्रबंध याच दोन प्रश्नांवर उभा राहायचा होता.

कॉलेजनं हो म्हणायला दोन वर्षं घेतली. शेवटी आमचे सर मंडळींचे प्रमुख म्हणून निघाले. सर कल्याणचे. विद्वान, शाकाहारी आणि समुद्राला घाबरणारे. यातलं तिसरं मला तिथं गेल्यावर कळलं. जाळी-दोऱ्या सांभाळायला त्यांनी धर्माकाकांना घेतलं. धर्माकाका ठाण्याच्या कोळीवाड्यातले. पन्नाशीला आलेले, होडी भावाच्या नावावर करून नुकतेच कॉलेजात शिपाई म्हणून लागलेले. पायांत चपला घालायची सवय नव्हती, म्हणून त्या पिशवीत ठेवून अनवाणी हिंडायचे.

कल्याण स्टेशनावर मद्रासच्या गाडीला आम्हांला पोचवायला आमचे हे आले होते. माझ्याबरोबर एक लाकडी खोका होता, त्याच्या तळाला काच बसवलेली. तो पाण्यावर टेकवून वरून बघितलं की लाटांचा चकचकाट जातो आणि खालचं स्वच्छ दिसतं. कल्याणच्या सुताराकडून मी तो करून घेतला होता. सरांनी खोक्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाले, "काळजी करू नका. बाईंना आम्ही पाण्यापासून लांबच ठेवू." हे "बरं बरं" म्हणाले. मला खरं तर तिथंच भांडायला हवं होतं, पण गाडी सुटली.

मंडपम

दोन गाड्या आणि अगणित इडल्यांनंतर मंडपमला उतरलो. वारा असा की बोलायचं तर पाठ फिरवून बोलावं लागे. वाळू, ताडाची झाडं, आणि जमिनीच्या दोन्ही बाजूंना समुद्र. एका शंखाच्या व्यापाऱ्याचा रिकामा बंगला आम्हांला राहायला मिळाला. सरांनी आल्या आल्या जाहीर केलं की या स्वयंपाकघरात मासा शिजणार नाही. मग आम्ही तिघं रोज हॉटेलात जाऊन केळीच्या पानावर सांबार-भात जेवू लागलो. समोर समुद्र, वाऱ्यावर सुकटीचा वास, आणि पानात भोपळा! धर्माकाका भाताचे गोळे करून पाण्याबरोबर गिळत. "बाय," ते मला म्हणाले, "ही मानसा दर्याच्या काठाला रवतान आन आपल्याला भोपला खावाला घालतान. यांचा काय वाकरा केला आपन?"

त्यांची सुटका केली कासिमनं. कासिम आमचा होडीवाला. तरुणपणी तीन वर्षं मुंबईच्या गोदीत काढलेला, त्यामुळे आम्हांला समजेल असं हिंदी बोलणारा. पहिल्याच संध्याकाळी तो धर्माकाकांना आणि मला घरी जेवायला घेऊन गेला. त्याच्या बायकोनं मातीच्या भांड्यात चिंचेचा कोळ घालून, तिळाच्या तेलात मासा केला होता. आमच्याकडे आमसूल, इथं चिंच. आमच्याकडे नारळ वाटून, इथं तो पातळ दुधासारखा वरून. मी बोटं चाटून खाल्ला. धर्माकाका खाली मान घालून जेवले, ताट कोरडं केलं आणि म्हणाले, "चिच नको व्हती. बाकी बरा हाय."

जेवण्याआधी किनाऱ्यावर एक गोष्ट झाली होती, ती इथंच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तिथले लोक बांबूच्या कामट्यांचे पिंजरे विणतात आणि ते पोवळ्यांत बुडवून ठेवतात. मासा आत शिरतो, बाहेर पडत नाही. संध्याकाळी होड्या आल्या तेव्हा ज्याचा पिंजरा त्याचा मासा, असं चाललं होतं. एकाच्या टोपलीत हातभर लांबीचे, शेजारच्याच्या टोपलीत चार चिंगळ्या, आणि दोघं एकाच होडीतून आलेले.

धर्माकाकांना ते बघवेना. "ही कंची रीत? एकाच होरीन बसाचा, एकच वारा खावाचा, आन एकाना मोठाली न्यावाची, दुसऱ्याना बारकी?"

आमच्या बंदरावर असं होत नाही, हे खरं आहे. होडी लागली की सगळा मासा एका ढिगात ओततात. मग जितकी माणसं तितके वाटे घालतात. प्रत्येक वाट्यात मोठा, मधला, बारीक, सगळं सारखं. एकजण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो, दुसरा वाट्याला बोट लावून विचारतो, "ह्यो कोनाचा?" आणि पाठमोरा माणूस नाव घेतो. कुणाला तक्रारीला जागा नाही. लहानपणी मला हा खेळ वाटायचा. त्या संध्याकाळी मला त्याचा अभिमानच वाटला, आणि मी कासिमला तो समजावूनही सांगितला. कासिम नुसता हसला.

बेट

दुसऱ्या दिवशी बेटावर गेलो. बेट म्हणजे झुडपं उगवलेला वाळूचा पट्टा, आणि भोवती पोवळ्यांचा उथळ कट्टा. होडी काठाला लागली तसे सर म्हणाले, "मालतीबाई, तुम्ही इथंच उतरा. गुडघाभर पाण्यात काय ते बघा. पुढं खोल पाण्यात मी जातो."

"सर, प्रबंध माझा आहे."

"जबाबदारी माझी आहे. उद्या काही झालं तर तुमच्या घरी मी काय तोंड दाखवू?"

"मला पोहता येतं. तुम्हांला येतं का?"

सरांनी कासिमला पुढं चल म्हणून खूण केली. होडी गेली. मी लुगडं खोचून, जुने कॅन्व्हासचे बूट घालून, पाण्यात उभी राहिले आणि त्या बाईमाणसाला साजेशा उथळ पाण्याला शिव्या देत खोका टेकवला.

शिव्या तिथंच थांबल्या. काचेखाली नखाएवढे निळे मासे होते. निळे म्हणजे आपल्याकडे शाईला म्हणतात तसे नव्हेत. आतून दिवा लावल्यासारखे. पोवळ्याच्या फांदीतून एकदम बाहेर यायचे, माझी सावली हलली की एकदम आत. दगडांना पोटानं चिकटून बसलेले, फुगीर डोळ्यांचे, आपल्या निवट्यांच्या चुलत घराण्यातले वाटावेत असे मासे. आणि एक चपट्या अंगाचा, बोटभर, अंगावर काळे उभे पट्टे असलेला मासा. तो एकेकटा हिंडत होता. त्याच्या पाठीच्या पराचा पहिला काटा बाकीच्यांहून लांब होता, हे मी लक्षात ठेवलं.

दुपारी होडी परत आली ती सरांना आडवं घालून. त्यांचा चेहरा दुधीसारखा पांढरा पडला होता. लाटांवर होडी उभी राहिल्याबरोबर त्यांनी डोळे मिटले होते ते काठ लागेपर्यंत उघडलेच नव्हते.

चार वाव

तिसऱ्या दिवशी सर लिंबू हुंगत बंगल्यात पडून राहिले. मी कासिमला विचारलं, मला नेशील का? मला वाटलं होतं, बाई होडीत नको म्हणून तोही काही सांगेल.

"बाई, मेरा माँ होडी में बैठता था," कासिम म्हणाला. "कल का साहब बैठा तो होडी गंदा हुआ. तुम बैठो."

मी गेले. त्या एका दिवसासाठी मी कासिमची जन्मभर ऋणी आहे.

कट्ट्याच्या कडेशी पाणी एक वाव होतं. तिथं पिवळे, पातळ, भाकरीसारखे गोल मासे जोडीजोडीनं फिरत होते. नवराबायको जत्रेत हरवू नयेत म्हणून चालतात तसे. हिरवे-गुलाबी पोपटमासे पोवळं चोचीनं फोडून खात होते. धर्माकाकांनी मला कान पाण्यात घालायला लावला. खाली कुरुमकुरुम आवाज चालला होता. पुढं दोन वावांवर पोवळ्याच्या फांद्या संपून मोठे गोलवट धोंडे लागले, मध्ये वाळू. नखाएवढे निळे एकदम नाहीसे झाले. सांगूनसवरून कुणी रेघ मारावी तसे. इथं हनुवटीला दोन मिशा असलेले मासे वाळू उकरत होते, आणि शेपटीपाशी सुरीसारखा काटा असलेल्यांचे थवे पोवळ्यावरचं शेवाळ खात चालले होते.

मग चार वाव. कासिमनं नांगराची दोरी हातानं मोजत सोडली. मी खोक्यात तोंड घातलं. खालचा उजेड निळसर झाला होता. कपारीत गोब्रा होता, आपल्या बाजारात कधीमधी येतो तोच, पण इथं तो घरमालकासारखा दारात बसून होता. कपारीच्या आत मोठ्या डोळ्यांचे काळपट मासे. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात सापडून वर आले तेव्हा लालभडक निघाले. आणि त्यांच्या वर एक मोठा, चपटा, राखाडी मासा गेला. अंगावर एक पट्टा नाही. पण पाठीच्या पराचा पहिला काटा लांब.

गुडघाभर पाण्यातला पट्टेवाला आणि हा राखाडी एकच असेल, तर मधल्या पाण्यात अर्धवट पट्ट्यांचे, पुसट होत चाललेले मासे असायला हवेत. तेच दाखवायचं होतं. एक वावावर किती पट्टे उरतात, दोन वावांवर किती. ते दिसलं की माझा प्रबंध झाला.

आम्ही त्या संध्याकाळी पिंजरे सोडले. एक वावावर, दोन वावांवर, चार वावांवर. माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून प्रत्येक पिंजऱ्याला एकेका रंगाची बांधली. मासे आणायला पत्र्याचे डबे होते, त्यांनाही तेच रंग. एक वाव पिवळा, दोन वाव हिरवा, चार वाव निळा. गुडघाभर पाण्याचा लाल डबा मी स्वतः हातानं भरणार होते. धर्माकाकांना मी म्हटलं, "रंग चुकवू नका हं." ते म्हणाले, "नाय चुकवाचा." आणि त्यांनी तो चुकवलाही नाही, हे मला मुद्दाम सांगायला हवं.

वाटे

चौथ्या दिवशी सर उठून बसले आणि प्रमुख झाले. मी होडीतून गेले होते हे कळल्यावर त्यांनी मला मुलांसारखं बोलून घेतलं. पिंजरे उचलायला ते स्वतः जाणार, मी काठावर. मी भांडले. खूप भांडले. शेवटी सर म्हणाले, "कॉलेजात परत गेल्यावर तुमच्या प्रबंधावर सही कुणाची लागते?"

मी गुडघाभर पाण्यात जाऊन लाल डबा भरत बसले. एक निळा मासा काही केल्या सापडेना. शेवटी मी तो पोवळ्यावर तळहातानं दाबून धरला. पोवळं सुरीसारखं, माझा तळहात चिरला आणि माशाची शेपटी अर्धी तुटली. त्या अर्ध्या शेपटीच्या माशाला मी डब्यात सोडलं. जखमेचा व्रण अजून आहे.

बंगल्यावर परतलो तेव्हा चारही डबे ओट्यावर ओळीनं ठेवले होते. मी आत हात बांधायला आणि फॉर्मलिन तयार करायला गेले. सर आंघोळीला गेले. बाहेर धर्माकाका आणि कासिम दोघंच होते. मी बाहेर आले तेव्हा ओटा धुऊन लखलखीत झाला होता. डबे ओळीनं, चिंध्या नीट बांधलेल्या. मी लाल डब्याचं झाकण काढलं.

वर एक गोब्रा होता.

गुडघाभर पाण्याच्या डब्यात गोब्रा! त्याच्या खाली दोन पोपटमासे, एक लाल मोठ्या डोळ्यांचा, एक मिशीवाला, आणि तळाला मूठभर निळे. मी पिवळा डबा उघडला. एक गोब्रा, दोन पोपटमासे, एक लाल, एक मिशीवाला, मूठभर निळे. हिरवा उघडला. निळा उघडला. चारी डब्यांत तेच, तोलून मापून तेच.

"काका! हे कुणी केलं?"

"मीच," धर्माकाका म्हणाले, आणि चेहऱ्यावर समाधान. "बाय, मी चार दीस बघतंय. तुना पान्यान जाऊ देत नाय. सगली मोठाली मासली त्या तीन डब्यांन, आन तुज्या डब्यान बारकी पोरा. ही काय रीत जाली? चार मानसा, चार डबे. सगला एक केला आन चार वाटे घातले. कासिमला पाठ करून उभा केला. तुज्या वाट्याला एक निला जास्ती टाकलाय. कोनाला सांगू नको."

कासिमनं हात वर केले. "मैं बोला, बाई का काम का है. ये बोलता, इन्साफ का है."

मी काय करावं? ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस माझ्यासाठी भांडला होता. त्या चार दिवसांत माझ्यासाठी भांडलेला तो एकटाच. मी तरी ओरडले. ओट्यावर उभी राहून, जखमी हात हलवत, तोंडाला येईल ते बोलले. डबा म्हणजे वाटा नव्हे, डबा म्हणजे पाणी; मासा मेला तरी त्याचं पाणी त्याच्याबरोबर राहायला हवं; ते गेलं की तो बाजारातला मासा, शिजवा आणि खा! धर्माकाका खाली बसले, आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मी चार डबे उपसून पट्टेवाले शोधले. होते. अर्धे पट्टे गेलेले, पाऊण गेलेले, शेपटीकडे नुसती सावली उरलेले. मला हवे होते तेच, सगळे होते. कोण एक वावाचा, कोण दोनाचा, हे मात्र आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. कासिमनं पिंजरे डब्यांत उलटे केले होते, काकांनी नुसते रंग जुळवले होते; पट्टे कुणीच बघितले नव्हते. आणि सरांनी होडीत पुन्हा डोळे मिटले होते.

रामेश्वर

मी सरांना म्हटलं, उद्या पुन्हा पिंजरे टाकू. एक रात्र पुरे.

"उद्या रामेश्वर," सर म्हणाले. "परवाची गाडी आहे. इतक्या लांब येऊन दर्शन न घेता परत जायचं?"

"सर, माझा प्रबंध बुडतो आहे."

"बुडत काही नाही. मासे आहेत ना? कोणता मासा कुठं असतो हे तुम्हांला माहीत आहे, मला माहीत आहे, पुस्तकांत आहे. त्याप्रमाणे लावून घ्या. पट्टे जास्त ते उथळ, कमी ते खोल. झालं."

हे ऐकून मला पहिल्यांदा नीट राग आला. आधीचा नुसता आरडाओरडा होता. पट्टे खोलीबरोबर जातात का, हाच तर माझा प्रश्न होता. उत्तर आधी लिहायचं आणि मासा त्याच्याखाली नेऊन ठेवायचा? मग मुळात यायचं कशाला? कल्याणलाच सुताराच्या दुकानात बसून लिहिलं असतं.

सर दुसऱ्या दिवशी धर्माकाकांना घेऊन रामेश्वराला गेले. तिथल्या सगळ्या तीर्थविहिरींचं पाणी डोक्यावर ओतून घेऊन ओल्या धोतरानं परत आले, प्रसन्न. मला प्रसाद दिला. मी दिवसभर बंगल्याच्या पायरीवर बसून वारा खाल्ला. कासिम एकदा येऊन गेला, पण वाऱ्यानं जोर धरला होता आणि होड्या निघत नव्हत्या. धर्माकाका संध्याकाळी माझ्याशेजारी जरा खालच्या पायरीवर बसले. "देवाला सांगलाय," ते म्हणाले. परतीच्या सगळ्या प्रवासात आम्ही दोघं बोललो नाही. मद्रासला त्यांनी माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणला, तोही मी खिडकीत ठेवला आणि तो तिथंच सुकला.

ठाणे

परत आल्यावर सरांनी ठाण्यात एका शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरवलं. काचेचं कपाट, चार फळ्या, फळ्यांवर बरण्या, आणि प्रत्येक बरणीवर सरांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. वरची फळी गुडघाभर पाणी, मग एक वाव, दोन वाव, आणि तळाला चार वाव. फॉर्मलिननं सगळ्यांचे रंग खाल्ले होते. निळे, पिवळे, लाल, सगळे उकडलेल्या बटाट्यासारखे दिसत होते. ठाणेकर कपाटाभोवती गर्दी करून होते. एक गृहस्थ गोब्र्याच्या बरणीला नाक लावून मला विचारत होते, "हा तळायचा की कालवणाचा?"

सर छडी घेऊन समजावत होते. "आणि हा पाहा, चार वाव खोलीवरच्या अंधारात राहणारा लहान मासा." छडीचं टोक तळाच्या फळीवर टेकलं. मी वाकून पाहिलं. बरणीत बोटाच्या पेराएवढा पांढरट मासा होता. त्याची शेपटी अर्धी होती.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सर, हा गुडघाभर पाण्यातला आहे. मी माझ्या हातानं धरलाय." आणि तळहात दाखवला.

लोक हसले. सरही हसले. "आमच्या बाई भावनाप्रधान आहेत," म्हणाले, आणि छडी पुढच्या बरणीवर गेली.

ते कपाट आता कॉलेजात आहे. दरवर्षी मुलं त्यापुढं वह्या घेऊन उभी राहणार आणि त्या चार फळ्या उतरून घेणार. प्रबंध त्या चिठ्ठ्यांवरून लिहा, लगेच सही करतो, असं सरांनी मला दोनदा सांगितलं. मी लिहिलेला नाही. लिहिणारही नाही. पुन्हा मंडपमला जायला मिळालं तर लिहीन, आणि डब्यांवर मांडी ठोकून बसेन. तोवर मी एकच काम करत होते. कपाटाची किल्ली धर्माकाकांकडे असते. मी त्यांच्यापुढं हात करायची, ते न बोलता कमरेची किल्ली काढून द्यायचे. मी तळाची बरणी घ्यायची, चिठ्ठी खरवडायची, आणि नवी लावायची: गुडघाभर पाणी. आठवड्याभरात सर तिथं पुन्हा आपली चिठ्ठी लावायचे. मग मी पुन्हा किल्ली मागायची.

परवा सकाळी गेले तर कपाट उघडं होतं. धर्माकाका जमिनीवर बसले होते, पुढ्यात पाण्याचं भांडं, हातात दाढीचं पातं, अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. सगळ्या बरण्या धुऊन पुसून चार फळ्यांवर लावल्या होत्या. एकीवरही चिठ्ठी नव्हती. काकांना वाचता येत नाही. माझी चिठ्ठी कोणती आणि सरांची कोणती हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्यांनी सगळ्याच काढल्या होत्या.

"बाय, आज मीच केला," ते म्हणाले. "मना नाय कलला तुजी कंची. मंग सगल्या सारख्या केल्या."

पुन्हा सारख्या! मी ओरडायला तोंड उघडलं, आणि माझी नजर त्या कोऱ्या बरण्यांवर गेली. त्या कपाटात तो एवढाच खरा मजकूर होता. कुठला मासा कुठल्या पाण्यातला, हे आम्हांला माहीत नाही. मी तळाच्या फळीवरून अर्ध्या शेपटीची बरणी काढली, तिच्यावर पुन्हा चिठ्ठी लावली, आणि ती वरच्या फळीवर ठेवली. बाकीच्या बरण्या कोऱ्याच राहू दिल्या. मग कपाट बंद करून किल्ली काकांच्या हातात दिली.

"सर विचारतील," मी म्हटलं.

"विचारू दे," धर्माकाका म्हणाले. "पाठ करून उभा रव्हाला सांग त्यांना."